गंजिफांतले नववे पान

अलीकडे आपल्या अमरावती-अकोल्याकडेही 'टॅरो'ची पाने मांडून भविष्य सांगणारी मंडळी दिसू लागली आहेत. आम्ही भविष्य मानीत नाही. ज्याची हमाली रोजच्या आवकेवर अवलंबून असते, त्याला उद्याचे भविष्य बाजार समितीच्या फाटकावरच कळते, असा आमचा अनुभव आहे. परंतु आमच्या एका सहकारी हमालाची मुलगी, जी सध्या कॉलेजात शिकते, तिने गेल्या उन्हाळ्यात आम्हांस जो प्रश्न विचारला तो भविष्याचा नव्हता, वाचनाचा होता. ती म्हणाली, "काका, दोन संचांत एकाच पानाचं चित्र निरनिराळं आहे. मग अर्थ कोणता खरा धरायचा?"

प्रश्न साधा वाटला, आणि आम्ही उत्तर द्यावयास बसलो तेव्हा तो साधा नाही असे दिसून आले. त्या एका प्रश्नापायी आम्ही पुष्कळ वाचले, पुष्कळांना विचारले, आणि शेवटी आमचीच एक जुनी चूक आमच्या हाती लागली. तो सगळा प्रवास आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम त्या मुलीच्या पानाविषयी. टॅरोच्या संचात ७८ पाने असतात. त्यांपैकी २२ पाने मोठ्या चित्रांची व ५६ पाने आपल्या पत्त्यांसारखी चार रंगांची. हा प्रकार इटलीत पंधराव्या शतकात निघाला, आणि तो निघाला तो खेळण्यासाठी. भविष्याशी त्याचा संबंध पुढे तीनशे वर्षांनी जोडण्यात आला. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने ही पाने म्हणजे प्राचीन मिसर देशाचे गूढ ज्ञान होय, असे लिहून टाकले. मिसरची चित्रलिपी त्या वेळी कोणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ साली, शांपोल्याँच्या हातून. म्हणजे जी लिपी वाचता येत नाही तिचा अर्थ आधी सांगून झाला होता. लोकांना तो आवडला, आणि तो टिकला.

त्या मुलीने दाखविलेले पान तेराव्या क्रमांकाचे, म्हणजे मृत्यूचे. मिलानच्या सरदारघराण्यासाठी पंधराव्या शतकाच्या मध्यास रंगविलेल्या संचात हा मृत्यू सांगाड्याच्या रूपाने धनुष्य घेऊन उभा आहे. मार्सेयच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच संचात तोच सांगाडा विळ्यासारख्या लांब पात्याने गवत कापावे तशी माणसे कापतो. जमिनीवर हात-पाय व मुंडकी पडलेली आहेत, त्यांत एक मुकुटधारी मुंडकेही आहे. या संचातील मोठ्या चित्रांच्या इतर पानांवर नावे असतात, या पानावर मात्र रिवाजाने नाव लिहीत नाहीत. पुढे १९०९ साली लंडनमध्ये वेट नावाच्या गृहस्थांनी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीकडून नवा संच काढवून घेतला. तीत सांगाडा चिलखत घालून पांढऱ्या घोड्यावर बसला आहे, हातात काळे निशाण आहे व त्यावर पांढरे फूल आहे. राजा आडवा पडला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, आणि मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य दिसतो. सूर्य आला, आणि वाचणारे म्हणू लागले की हे पान मरणाचे नव्हे, जुने जाऊन नवे येण्याचे आहे. चित्रकर्तीने मागे एक सूर्य काढला, आणि पानाचा अर्थ बदलला!

वेट यांनी आणखी एक गोष्ट केली. मार्सेयच्या क्रमात आठवे पान न्यायाचे व अकरावे बळाचे असे. त्यांनी ही दोन पाने अदलाबदल करून बळ आठव्या जागी व न्याय अकराव्या जागी नेला. नाव तेच आणि पान तेच, परंतु रांगेतील जागा बदलली. ज्यांचा अर्थ क्रमांकावर उभा असतो त्यांना मग नवा अर्थ शोधावा लागला.

यावरून आम्हांस असे दिसले की पानाचा अर्थ तीन ठिकाणांहून येतो. एक, पान रांगेत कोठे ठेवले आहे. दुसरे, त्यावर काय चितारले आहे. आणि तिसरे, ते कोणाच्या हातात आहे. पहिल्या दोहोंची चर्चा पुस्तकांतून खूप आढळते. तिसऱ्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि आमची चूक नेमकी तेथेच झाली होती. परंतु ती कळण्यासाठी परक्या मुलखातील पानांपेक्षा आपल्या घरची पाने बरी. तेव्हा आता गंजिफांकडे वळू.

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेली गोल पाने. या खेळाचा आपल्या देशातील जुना लेखी उल्लेख बादशहा बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद आहे. अकबराच्या काळी अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त या पानांचे वर्णन केले. दरबारी संचात आठ रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण ९६. त्या रंगांची नावे ऐकण्यासारखी आहेत: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. म्हणजे मुकुट, चांदीचे नाणे, तलवार, नोकर, वाद्य, सोन्याचे नाणे, रकमेची चिठ्ठी आणि माल. एका राज्याचा सगळा कारभार पानांत उतरविला आहे. त्यात नोकराचाही एक रंग आहे, हे पाहून आम्हां कामगारांच्या माणसाला जरा बरे वाटले.

हाच खेळ देशी चिताऱ्यांच्या हाती आला तेव्हा त्यांनी मुकुट-तलवारीच्या जागी विष्णूचे दहा अवतार आणून बसविले. हीच दशावतारी गंजिफा. दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान व एकपासून दहापर्यंतची पाने. राजाच्या पानावर अवताराचे चित्र असते. आकड्यांच्या पानांवर त्या अवताराची खूण तितक्या वेळा काढलेली असते, मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू. तिघे जण खेळतात, प्रत्येकाला चाळीस पाने. हुकूम म्हणून काही नसतो. दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजापासून आरंभ, रात्री असेल तर कृष्णाच्या. पाच रंगांत दहाचे पान मोठे व एक्का धाकटा, उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा व दहा धाकटा! नुसता आकडा पाहून पानाची किंमत कळत नाही, हे खेळणाऱ्याला पहिल्याच डावात शिकावे लागते.

आपल्या महाराष्ट्रात ही कला सावंतवाडीस टिकली. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवून पान घडवावयाचे, त्यावर रंगकाम करावयाचे व लाखेने झिलई द्यावयाची, असे हे काम. ते नामशेष होण्याच्या बेतास आले असता १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्याकडून ते पुन्हा शिकवून घेतले आणि राजवाड्यातच कारखाना चालविला. बंगालमध्ये विष्णुपूर येथे व ओरिसात पुरीच्या बाजूसही अशी पाने होतात. तिन्ही ठिकाणी अवतार दहाच. मत्स्य सर्वत्र मासाच, वराह सर्वत्र वराहच. नवव्या अवतारापाशी येताच मात्र चिताऱ्यांचे एकमत मोडते.

नववा अवतार बुद्ध, असे आपण लहानपणी पाठ केलेले असते. परंतु विष्णुपूरच्या संचात बुद्धाच्या नावाच्या पानावर जगन्नाथासारखी मूर्ती असते, वाटोळ्या डोळ्यांची व हातापायांवाचूनची. ओरिसाच्या दशावतारपटांतही नवव्या जागी जगन्नाथच. आपल्या मराठी मुलखात पाहावे तर जुन्या छापील पंचांगांवरील दशावतारांत नवव्या जागी कमरेवर हात ठेवून विठ्ठल उभा, पुष्कळदा शेजारी रखुमाई, आणि खाली नाव मात्र 'बौद्ध'. संतांनीही आपल्या अभंगांतून विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटले आहे. दक्षिणेकडील काही वैष्णवांच्या यादीत आठवा बलराम व नववा कृष्ण. तेथे बुद्धाला जागाच नाही. आणि अलीकडे घडविलेल्या काही संचांत डोळे मिटून पद्मासनात बसलेले, सर्व जगाला ठाऊक असलेले गौतम बुद्ध दिसतात. एकाच पानावर एकदा जगन्नाथ, एकदा विठोबा, एकदा कृष्ण, एकदा गौतम!

रांगेतील जागाही सर्वत्र सारखी नाही. पंडित हरप्रसाद शास्त्री यांनी १८९५ साली विष्णुपूरच्या पानांवर एक टिपण प्रसिद्ध केले. तेथील क्रमात बुद्ध नववा नसून पाचवा आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि त्यावरून हा खेळ हजार वर्षांहून जुना असावा असे अनुमान काढले. खेळाचा लेखी पुरावा इतका मागे जात नाही, म्हणून ते अनुमान आज मान्य होणे कठीण. परंतु जागा बदलली की विद्वानही थबकतो, हे त्यावरून दिसते. टॅरोच्या न्यायाच्या व बळाच्या पानांचे जे झाले, तेच येथे.

आता चित्रामागील कथा पाहा. भागवतात बुद्धावताराचे प्रयोजन असे दिले आहे की, देवांच्या शत्रूंना मोह पाडण्यासाठी हा अवतार होईल. विष्णुपुराणातही मायामोहाची तशीच कथा आहे. उलट बाराव्या शतकातील जयदेवाच्या 'गीतगोविंदा'त यज्ञातील पशुहत्येने कळवळलेला, दयाळू असा बुद्ध स्तविला आहे. म्हणजे एका ग्रंथात तो फसविणारा, दुसऱ्यात करुणा करणारा. पानावरचे नाव एकच, जागाही एकच. आणि तरी एका अर्थाने ते पान बुद्धाचा मान आहे, दुसऱ्या अर्थाने अपमान. हे आम्ही वाचले आणि आम्हांस आमच्या संघटनेच्या खोलीतील एक संध्याकाळ आठवली.

ती गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची, अकोल्याची. हमालीच्या दरवाढीची मागणी चालू होती. आमच्यात निम्मे वारकरी घरांतले व निम्मे बौद्ध. एकजूट टिकावी म्हणून आम्ही सभांतून एक भाषण ठोकीत असू: अहो, पंचांग उघडून पाहा, तेथे विठोबाच्या खाली बुद्धाचे नाव आहे, म्हणजे तुमचा विठोबा आणि यांचा बुद्ध एकच, मग आपण वेगळे कसे? टाळ्या पडत. आम्हांस वाटे, केवढा युक्तिवाद शोधून काढला! त्या संध्याकाळी आमच्यातील एका माळकरी हमालाने घरातील जुन्या पंचांगाचे पान कागदात गुंडाळून आणले व सर्वांपुढे ठेवले.

"हे पाहा," तो म्हणाला, "हा त आपला इठोबाच हाये. कमरेवरचे हात नाई दिसत काय? अन् खाली नाव कोनाचं? मंग भांडन कायचं बाप्पा?"

त्याच्या मनात प्रेमच होते, याबद्दल शंका नाही. त्याच्या शेजारी बसलेला बौद्ध हमाल, वयाने आम्हां सर्वांत वडील, बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमी त्याले आपला म्हनता, चांगली गोष्ट हाये. पन तुमच्या रांगेत बसवाच्या आधी आमाले इचारलं काय?"

खोलीत कोणी बोलले नाही. आम्हीही नाही. आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्या वडील माणसाच्या बोलण्यामागे काय होते, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. वऱ्हाडातून तेथे गेलेल्यांची मुले-नातवंडे आज आपल्यात आहेत. त्यांतील पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे न मानण्याची, आणि तो प्रचार खोटा असल्याचे सांगण्याची आहे. सामान्य मनुष्य दीक्षा घेताना जी वचने उच्चारतो, त्यांत दशावतारांच्या नवव्या जागेचा इतका स्पष्ट नकार आहे. ज्याने ती प्रतिज्ञा घेतली त्याला 'तुमचा बुद्ध आमच्या रांगेत नववा आहे' असे सांगणे म्हणजे त्याच्या वचनावर पाणी ओतणे. आम्ही तेच करीत होतो, आणि वर त्याला एकजूट म्हणत होतो.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. याच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या प्रसंगी, पंढरपूरची मूर्ती ही मूळची बुद्धाचीच होय, असे मत मांडले होते. कोणी म्हणेल, मग विठोबा आणि बुद्ध एकच, असे त्यांनीही म्हटलेच की! परंतु दोन्ही वाक्यांचा रोख उलट आहे. पंचांग म्हणते, बुद्ध हा विठ्ठलात सामावला. बाबासाहेब म्हणतात, विठ्ठलाच्या जागी आधी बुद्ध होता. एकाने बुद्धाला रांगेत बसविले. दुसऱ्याने रांग लागण्यापूर्वीचा बुद्ध दाखविला. मत मान्य असो वा नसो, चित्र एक असूनही अर्थ दोन आहेत, एवढे कोणालाही पटावे.

आणि वारकऱ्याचा अर्थ खोटा काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. रखुमाईचे माहेर म्हणून आपण ज्या कौंडण्यपुराला मानतो ते अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी. तेथून पंढरपुरास पालखी जाते. आपल्या वऱ्हाडातील माणसाला पंचांगावरील त्या पानात विटेवरचा देव दिसतो, आणि त्याच्या शेजारी आपल्या मुलखाची लेकही दिसते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ सालच्या ग्रंथात दाखविले आहे की, विठ्ठलाच्या रूपात गवळी-धनगरांच्या देवापासून किती तरी प्रवाह येऊन मिळाले आहेत. ज्याने त्या पानापुढे हात जोडले त्याने ते कोणाला खाली पाडण्यासाठी जोडले नाहीत. त्याचे वाचन त्याच्या पायी चालण्यातून आलेले आहे. ते त्याचे आहे. फक्त ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा अधिकार त्याला नाही, आणि आम्हांला तर मुळीच नव्हता.

श्रोतेहो, आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. दोन संचांत चित्र निराळे असेल तर खरा अर्थ कोणता? आम्ही तिला जे सांगितले ते असे. खेळापुरती पानाची किंमत ठरलेली असते. नवव्या रंगाच्या राजावर जगन्नाथ काढा, विठ्ठल काढा की गौतम काढा, डावात त्याचे बळ तसूभर कमी-अधिक होत नाही. तेथे तिघांनी आधी नियम मान्य केलेला असतो. खेळाबाहेर तसा नियम कोणी केलेला नाही. तेथे पान वाचावयाचे तर क्रमाने विचारावे: हे कोणत्या संचातले? रांगेत कितवे? कोणी काढले, कोणासाठी काढले? आणि शेवटी, ज्याचे चित्र आहे त्याची माणसे काय म्हणतात? पहिले प्रश्न पुस्तके वाचून सुटतात. शेवटचा सुटावयाचा तर त्या माणसाजवळ जाऊन बसावे लागते. 'सगळ्यांचा अर्थ एकच' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु त्यात ज्याचा आवाज मोठा त्याचाच अर्थ शिल्लक राहतो. मजुरीच्या करारात आपण हे पुष्कळदा पाहतो. मालक म्हणतो, 'आपण सगळे एका कुटुंबातले.' कुटुंबाचा प्रमुख कोण, हे मात्र विचारू नये!

मुलगी हुशार. तिने विचारले, "मग काका, त्या संध्याकाळी पुढं काय झालं?"

पुढे असे झाले की, माळकरी हमालाने पंचांगाचे पान घडी घालून खिशात ठेवले आणि त्या वडील सहकाऱ्याला म्हणाला, "चुकलं दादा. इचाराले पाह्यजे होतं." दुसऱ्या दिवशी मागणीपत्रावर दोघांनी सही केली, एकाने 'रामकृष्ण हरी' म्हणून व दुसऱ्याने 'जय भीम' म्हणून. दर वाढवून मिळाला, पण मागितला होता त्याच्या निम्माच. आम्ही ते भाषण त्या दिवसापासून बंद केले. त्याऐवजी आता आम्ही एवढेच सांगतो की, पोत्याचे वजन दोघांच्याही पाठीला सारखेच लागते. हे कोणत्याही पंचांगात पाहावे लागत नाही आणि ते कोणी नाकारीतही नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी जुने पंचांग असेल, दशावतारांचा पट असेल, किंवा सावंतवाडीहून आणलेल्या गंजिफा असतील, तर घरी गेल्यावर नववे चित्र जरूर पाहावे. आणि आपल्या शेजारी ज्याचे मत निराळे असेल त्यालाही ते दाखवून, त्यात त्याला काय दिसते ते आधी ऐकून घ्यावे. आपले मत मागाहून सांगता येते. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.